तापलेल्या रस्त्याचा पंचनामा

मला कुत्री आवडत नाहीत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढचं वाचून कोणीतरी मला प्राणिमित्र समजेल आणि सुट्टीला जाताना आपलं मांजर आमच्याकडे ठेवायला आणेल. कुत्रा समोरून आला की मी पलीकडच्या बाजूने चालायला लागतो. पलीकडेही कुत्रा असला तर मला एकदम घरी काहीतरी विसरल्याचं आठवतं. तर अशा माणसाने एका कुत्र्यापायी स्वतःचे दोन्ही तळपाय भाजून घेतले आणि आठ दिवस घरात बसून काढले. त्याची हकीकत निरनिराळ्या लोकांनी निरनिराळी सांगितली आहे. खरी माझ्याकडे आहे.

गेल्या वर्षी मी वजनमापे खात्यातून निवृत्त झालो. चौतीस वर्षं लोकांचे तराजू तपासले. किलोला दहा ग्रॅम मारणाऱ्या भल्याभल्यांना घाम फोडला. अर्थात तो कागदावर. तोंडावर मी कोणालाच कधी काही बोललो नाही, कारण खात्याची तशी पद्धतच नव्हती. दुकानात जायचं, मोजायचं, दोन पंचांच्या सह्या घ्यायच्या आणि निघायचं. दुकानदाराला काय ते नंतर पोस्टाने कळायचं. निवृत्त झाल्यावर घरात मला गॅलरी मिळाली. बाकीच्या खोल्या बायकोच्या ताब्यात असल्याने आणि तिथे माझं मत कोणी विचारत नसल्याने मी गॅलरीत खुर्ची टाकून बसू लागलो.

गॅलरीतून खालचा रस्ता दिसतो. उन्हाळ्यात दुपारी एक वाजता त्या रस्त्यावर काळं कुत्रंही फिरत नाही, असं मी म्हणणार होतो, पण नेमकं तिथेच अडलं. समोरच्या इमारतीतले दातांचे डॉक्टर बरोबर एक वाजता आपला कुत्रा घेऊन खाली उतरायचे. त्यांचा दवाखाना एक ते चार बंद असतो, तेवढीच त्यांना सवड. डॉक्टरांच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी, डोळ्यांवर काळा चष्मा, पायात बोटभर जाड तळाच्या चपला, एका हातात गार पाण्याची बाटली आणि कानाला फोन. कुत्र्याच्या अंगावर फक्त पट्टा. कुत्रा तपकिरी, आखूड पायांचा आणि पोटाने भरलेला. डॉक्टर त्याला 'बाळ' म्हणायचे.

हा बाळ डांबरी रस्त्यावर उतरला की एक पाय उचलायचा. तो टेकवून दुसरा उचलायचा. मग तिसरा. चारही एकदम उचलायची सोय निसर्गाने ठेवलेली नाही, नाहीतर त्याने तेही केलं असतं. वाटेत कोणाच्या स्कूटरची वीतभर सावली पडलेली असली की तो तिच्यात जाऊन उभा राहायचा, आणि डॉक्टर फोनवर बोलता बोलता पट्टा ओढायचे. फाटकापासून कोपऱ्यापर्यंत आणि परत असं चालायला चार मिनिटं लागत. मी मोजली होती.

"त्याचे पाय भाजतायत," मी बायकोला म्हणालो.

बायको बाहेर आली, तिने कठड्यावरून वाकून पाहिलं. "भाजतायतच. जा, सांगा डॉक्टरांना."

"तसं एकदम कसं सांगायचं?"

"तोंडाने," ती म्हणाली आणि आत गेली.

आमच्या लग्नाला एकतीस वर्षं झाली, पण माझ्या अडचणी समजून घ्यायचा प्रयत्न तिने कधी केला नाही. इथली अडचण साधीसुधी नव्हती. माझी खालची उजवी दाढ त्याच डॉक्टरांच्या हातात होती. रूट कॅनॉलच्या चार बैठका ठरल्या होत्या, पैकी एक झाली होती. दाढेला भोक पाडून, आत कापूस घालून, वर कच्चं सिमेंट लावून त्यांनी मला पुढच्या गुरुवारपर्यंत घरी पाठवलं होतं. जो माणूस गुरुवारी तुमच्या तोंडात सुई घालून नस शोधणार आहे, त्याला बुधवारी जाऊन 'तुम्ही कुत्र्याचे हाल करता' असं कोणी सांगेल का? बायको म्हणते, सांगेल. तिचे बत्तीसच्या बत्तीस दात शाबूत आहेत.

मी तळमजल्यावरच्या पेपरकाकांचा सल्ला घेतला. हे काका रोज तीन वर्तमानपत्रं जाहिरातींसकट वाचतात आणि त्यामुळे त्यांना प्रत्येक विषयातलं तीन प्रकारे चुकीचं माहीत असतं. ते म्हणाले, "अरे, निनावी पत्र टाक. सापही मरेल, काठीही मोडणार नाही."

मला ते पटलं. रात्रीचं जेवण झाल्यावर बसलो आणि चार मसुदे करून पत्र लिहिलं. माझं अक्षर चांगलं आहे, शाळेत त्याबद्दल बक्षीस मिळालेलं आहे. मजकूर असा होता: 'महोदय, आपल्या ताब्यातील विषयांकित प्राण्याच्या अधोभागास मध्यान्हकाळी उष्णताजन्य बाधा संभवते असे निदर्शनास आले आहे. तरी योग्य ती दक्षता घ्यावी, ही विनंती. एक हितचिंतक.' हे पत्र मी सकाळी फिरायला जाताना दवाखान्याच्या दाराखालून आत सरकवलं. चांगल्या कामाला एवढी छाती धडधडते हे मला माहीत नव्हतं.

गुरुवारी खुर्चीत बसलो. म्हटलं, पत्राने पाया घातलाच आहे, आता तोंडीही विषय काढू. "डॉक्टर, ते तुमच्या कुत्र्याचं जरा—"

"आ करा," डॉक्टर म्हणाले.

मी आ केला. त्यांनी तोंडात आरसा घातला, नळी अडकवली, गालात कापसाच्या दोन गुंडाळ्या कोंबल्या आणि मग निवांत बोलायला लागले. दातांच्या डॉक्टरांना संभाषणाची आवड असते, पण ती एका बाजूची. "बाळाबद्दल म्हणत होतात ना, काका? फार हुशार आहे हो. पूर्वी एकला स्वतः पट्टा तोंडात धरून यायचा. आता जरा आळशी झालाय, दारातच बसून राहतो, उचलून आणावं लागतं. पण एकदा रस्त्यावर पाऊल पडलं की असा नाचायला लागतो. तुम्ही बघत असाल वरून."

"आँ, आँ," मी म्हणालो.

"तेच म्हणतो मी," डॉक्टर म्हणाले. मग त्यांनी टेबलावरचा एक कागद उचलून माझ्या डोळ्यांपुढे धरला. तो माझाच होता. "हे बघा, हल्ली लोक दारात काय काय टाकतात. अधोभागास उष्णता म्हणे. मूळव्याधीच्या औषधाची जाहिरात दिसतेय. पत्ता द्यायलाही विसरला मूर्ख. आणि अक्षर बघा कसलं."

मला आयुष्यात इतका अपमान गिळावा लागला नव्हता, आणि तोही कापसासकट.

घरी आल्यावर बायकोने विचारलं, "सांगितलंत?" मी म्हणालो, "विषय निघाला होता." हे खोटं नव्हतं. जेवताना तिने माझ्यापुढे पातेलं जरा जोरात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेलो. हे एका कारखान्यात स्टोअरकीपर आहेत, त्यामुळे कुठलीही वस्तू हवी असली की आधी ती आपल्या हद्दीत आहे का ते बघतात. म्हणाले, "साहेब, कुत्रा समोरच्या सोसायटीचा. रस्ता नगरपालिकेचा. ऊन कोणाचंच नाही. यात आपण कुठे बसतो?" मी म्हणालो, फलकावर निदान एक सूचना लावू. त्यावर ते म्हणाले की सूचना लावायला ठराव हवा, ठरावाला सभा हवी, आणि गेल्या सभेचं इतिवृत्त अजून मंजूर नाही, कारण त्या सभेला गणसंख्या नव्हती. "नगरपालिकेत जा," असं म्हणून त्यांनी मला त्यांच्या हद्दीबाहेर काढलं.

नगरपालिकेत मी पाऊण तास रांगेत उभा राहिलो. खिडकीतल्या बाईंनी मान वर न करता विचारलं, "तक्रार काय?"

"रस्ता तापतो."

त्यांनी मान वर केली. "खड्डा आहे?"

"नाही."

"पाणी साचतं?"

"साचलं तर उपकार होतील."

"म्हणजे रस्ता चांगला आहे," त्या म्हणाल्या आणि मला प्राणी विभागाच्या खिडकीवर पाठवलं. तिथे आणखी अर्धा तास. तिथल्या गृहस्थांनी विचारलं, कुत्रा चावला का? मी म्हणालो, नाही. मोकाट आहे का? नाही, मालक आहेत. "मग मालकांना सांगा की," ते म्हणाले. बायकोने हेच सांगितलं होतं, आणि तेही रांगेत उभं न करता. मी तरीही हललो नाही, तेव्हा मागच्या लोकांची कुरकुर ऐकून ते वैतागले. म्हणाले, "लेखी द्या. रस्ता किती तापतो, कोणी मोजला, कधी मोजला, दोन साक्षीदारांच्या सह्या. मग बघू."

मोजला! किती महिन्यांनी हा शब्द कोणीतरी माझ्याशी बोललं होतं. मी घरी आलो तो जवळजवळ पळतच. कपाटातून जुनी कातडी बॅग काढली, कार्बन पेपर काढले, कोऱ्या कागदावर वर मधोमध 'पंचनामा' असं लिहून खाली दोन रेघा ओढल्या. बायको दारात उभी राहून बघत होती.

"आज सोळावा दिवस," ती म्हणाली.

"कसला?"

"तुम्ही मला पहिल्यांदा सांगितलंत त्याला. सोळा दिवस तो चालतोय."

"पुराव्याशिवाय बोलणं म्हणजे आरोप होतो," मी म्हणालो. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी दुसरी रेघ जरा वाकडी काढली.

मोजायचं साधन मिळवण्यात चार दिवस गेले. जुन्या खात्यात विचारलं, तर तिथल्या नव्या साहेबांनी अर्ज करायला सांगितलं. शेवटी घरातलाच ताप मोजायचा पारा खाली नेला आणि रस्त्यावर ठेवला. तो बेचाळीस अंशांपर्यंतच चालतो. पारा एका दमात वर गेला, टिक असा आवाज आला आणि काच तडकली. त्या दिवशी बायको माझ्याशी तापमापकावरून बोलली, त्यात कुत्र्याचा उल्लेख फक्त दोनदा आला.

एकविसाव्या दिवशी पंचनामा झाला. पंच क्रमांक एक पेपरकाका, पंच क्रमांक दोन सेक्रेटरी, ते रजेवर होते आणि घरी कंटाळले होते. वेळ दुपारची बारा पन्नास, म्हणजे डॉक्टर खाली उतरायच्या आत सह्या होऊन मी वर पोचायला हवा होतो. पेपरकाका म्हणाले, "पेपरात आलंय. हाताची मागची बाजू सात सेकंद रस्त्यावर टेकवायची. सहन झालं नाही तर कुत्र्यालाही सहन होत नाही."

मला ते शास्त्रशुद्ध वाटलं नाही. कुत्रा हाताच्या मागच्या बाजूने चालत नाही. आमच्या खात्यात तराजू तपासायचा तर पारड्यात खरं वजन टाकून तपासायचा, अंदाजाने नाही. मी सरळ चपला काढल्या, सावलीत नीट जोडून ठेवल्या, आणि पेपरकाकांना म्हणालो, "एक मिनिट मोजा." कुत्रा चार मिनिटं चालतो, नमुना म्हणून एक मिनिट पुरे होतं. मग मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभा राहिलो.

पहिल्या दोन सेकंदांत काहीच वाटलं नाही. तिसऱ्या सेकंदाला मला कळलं की आपण चूक केली आहे. पण तपासणी मधेच सोडायची नाही हा चौतीस वर्षांचा शिरस्ता, समोर दोन पंच, आणि वरच्या गॅलऱ्यांमधून चार-पाच बायका बघत होत्या. मी चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. एक पाय उचलला. तो टेकवून दुसरा उचलला.

"किती झाले?" मी विचारलं.

पेपरकाका घड्याळ डोळ्यांजवळ नेऊन पुन्हा लांब धरत होते. "अरे, चष्मा वर राहिला. काटा दिसतोय, पण कुठला ते कळत नाही. असेल अर्धं मिनिट."

"पंचनाम्यात 'असेल' चालत नाही," मी म्हणालो. हे मी दोन्ही पाय हवेत असताना म्हणालो असं सेक्रेटरी नंतर सगळ्यांना सांगत होते.

"काय काका, नाचताय काय?" मागून आवाज आला.

डॉक्टर उभे होते. टोपी, चष्मा, बाटली, सगळं जागच्या जागी. दहा मिनिटं लवकर निघाले होते. त्यांनी माझ्या पायांकडे पाहिलं आणि फोन खिशात टाकला. मला धरून त्यांनी सावलीत बसवलं, माझे तळपाय उलटे करून पाहिले आणि बाटलीतलं गार पाणी त्यांवर ओतलं. खोटं कशाला बोलू, डॉक्टर माणूस म्हणून चांगले आहेत. आणि मग ते मला रागवायला लागले.

"लहान मूल आहात का तुम्ही? या उन्हात अनवाणी? डांबर किती तापतं याची काही कल्पना? फोड येणार आता. माणसाने साधा विचार करायला नको?"

ते हे बोलत होते तेव्हा पट्ट्याच्या दुसऱ्या टोकाला बाळ उन्हात उभा होता. सावली आम्हा दोघांना जेमतेम पुरली होती. तो एक पाय उचलत होता, तो टेकवून दुसरा उचलत होता, आणि माझ्याकडे बघत होता. कुत्र्याशी नजर मिळवायची माझी ती पहिलीच वेळ. सगळा पुरावा समोर होता. पंच हजर होते. वाक्य तर डॉक्टरांनीच तयार करून दिलं होतं, मला फक्त बोट दाखवायचं होतं. माझ्या मनात आलं, दोन बैठका अजून बाकी आहेत.

"आभारी आहे, डॉक्टर," मी म्हणालो.

डॉक्टर पट्टा ओढून पुढे गेले. सेक्रेटरींनी आणि पेपरकाकांनी मला दोन्ही बाजूंनी धरून जिना चढवला. पंचनाम्यावर सह्या मात्र मी आधी घेतल्या.

संध्याकाळी बायको माझ्या तळपायांना मलम लावत बसली. तिचा हात हलका आहे.

"दुखतंय?" तिने विचारलं.

"आग होतेय नुसती."

"कितीसे उभे होतात?"

"अर्धं मिनिट असेल."

"हं." तिने बोटावर आणखी मलम घेतलं. "त्याच्या पायांना कोण लावत असेल?"

लाज वाटली, हे सांगून टाकतो. मी पंचनाम्याचा विषय काढला, प्रत तिप्पट केली आहे वगैरे सांगितलं. तिने मलमाचं झाकण लावलं आणि दिवा मालवला.

दुसऱ्या दिवशी पावणेएकला बायको छत्री घेऊन खाली गेली. मी पट्ट्या बांधलेले पाय स्टुलावर ठेवून गॅलरीत बसलो होतो. मला वाटलं दुकानात चालली असेल. पण ती फाटकातच थांबली. एक वाजता डॉक्टर उतरले, बाळाला काखेत धरून त्यांनी बाहेर आणलं आणि रस्त्यावर ठेवलं. बायको त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"डॉक्टर, जरा चपला काढता?"

डॉक्टरांना वाटलं, चपलेला काहीतरी चिकटलं असावं. "काय झालं, काकू?" म्हणत त्यांनी चपला काढल्या आणि खाली पाहत उभे राहिले.

मी वरून मोजलं. माझ्याकडे चष्मा होता. चार सेकंद. पाचव्या सेकंदाला डॉक्टर उजव्या पायावर होते, सहाव्याला डाव्या, आणि मग ते एकदम थांबले. त्यांनी आधी बायकोकडे पाहिलं, मग खाली कुत्र्याकडे. बायकोने छत्री कुत्र्यावर धरली. डॉक्टरांनी तेवढा लठ्ठ कुत्रा दोन्ही हातांनी उचलला आणि चपला रस्त्यावरच टाकून अनवाणी पळत आमच्या फाटकाच्या सावलीत आणला. तिथे फरशीवर बसकण मारून त्यांनी त्याचा एकेक पाय उलटा करून पाहिला. बराच वेळ पाहत राहिले. बाळ त्यांचा कान चाटत होता. कुत्र्यांना डोकं कमी असतं असं मी म्हणतो ते यामुळेच.

बायको वर आली, छत्री कोपऱ्यात ठेवली आणि हात धुतले. "झालं," ती म्हणाली. एकवीस दिवस, एक निनावी पत्र, दोन खिडक्या, एक तापमापक आणि कार्बनच्या दोन प्रती, यांवर तिचं एवढंच म्हणणं होतं.

तेव्हापासून बाळ सकाळी सहाला फिरतो, आधी बरेच दिवस पायांना पट्ट्या बांधून फिरत होता. पंचनामा मी तरीही नगरपालिकेत पाठवला, कारण केलेलं काम वाया घालवायचं नाही. त्याचं उत्तर हिवाळ्यात आलं, ते आताच सांगतो, नाहीतर राहून जाईल. 'प्रत्यक्ष पाहणी केली असता सदर रस्ता थंड आढळून आला. तक्रार निकाली काढण्यात येत आहे.' तपासणीची वेळ सकाळी साडेसात दिली होती. खाली दोन पंचांच्या सह्याही होत्या. कागद म्हणून त्यात एकही चूक नव्हती.

पाय बरे झाल्यावर मी तिसऱ्या बैठकीला गेलो. या वेळी डॉक्टर गप्प होते. आरसा, नळी, कापूस, सगळं नेहमीप्रमाणे, पण बोलणं नाही. मला ते सुईपेक्षा जड गेलं. बऱ्याच वेळाने, माझ्या दाढेत बघतच, ते म्हणाले, "चारही पायांना फोड होते. दोन जुने. दिवसभर मी लोकांच्या दाढांमधली केसाएवढी भेग शोधतो, काका. आणि याचे पाय मी एकदाही उलटे करून बघितले नाहीत. नाचतो म्हणत होतो."

मी आँ केलं.

"काकू म्हणाल्या, तुम्हाला वरून पहिल्या दिवसापासून दिसत होतं."

या वेळी मी आँ केलं नाही.

डॉक्टरांनी नळी बाजूला केली. गालातल्या कापसाच्या दोन्ही गुंडाळ्या काढल्या. आरसा ट्रेमध्ये ठेवला, तोंडावरचा मास्क खाली ओढला आणि स्टूल माझ्या जवळ सरकवलं. रागावलेले दिसत नव्हते. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं.

"मग तुम्ही मला सांगितलं का नाही?" त्यांनी विचारलं आणि उत्तराची वाट बघत थांबले.

तोंडात काहीही नव्हतं. मी आ तसाच ठेवला.